गावात मुक्कामाला आलेले संगीत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयोवा राज्यात जेसप नावाचे एक लहानसे गाव आहे. १९९० च्या दशकात तेथील लोकवस्ती सुमारे दोन हजार होती. भोवती मका आणि सोयाबीन यांची दूरवर पसरलेली शेते. जवळचे मोठे शहर म्हणजे ट्रॅक्टरच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेले वॉटर्लू. १९९२ साली या गावात चार तरुण वादक बिऱ्हाड करून राहावयास आले. एका रात्रीचा कार्यक्रम करून परतावे, अशा बेताने ते आले नव्हते. गावाचे वादक म्हणूनच त्यांना तेथे धाडण्यात आले होते आणि त्यांच्या निर्वाहाचा भार मुख्यतः सार्वजनिक निधीतून उचलला जाणार होता.

पुढील दोन वर्षे त्यांनी गावातील घरांत, शाळांत, चर्चमध्ये, इतकेच नव्हे तर बँकेतही वादन केले. कधी समोर सहाशे श्रोते असत, तर कधी अवघे सहा.

शेतीच्या चिंतेत असलेल्या गावासाठी सरकारी पैशातून व्हायोलिनवादक कशाला, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात उभा राहील. तो प्रश्न गैर नाही. सांस्कृतिक कार्यासाठी तरतूद करताना आपल्या जिल्हा परिषदांत आणि ग्रामपंचायतींतही तो विचारला जातो व विचारला जावा. त्याचे उत्तर शोधावयाचे तर हे संगीत कोणते, हे वादक कोण, त्यांचा गट कसा वाढला आणि या प्रयोगातून काय हाती लागले, हे समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा तोच उद्देश आहे.

दालनातील संगीत

पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हटले की मोठा वाद्यवृंद आणि त्यापुढे हातात छडी घेऊन उभा असलेला संचालक हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु त्या संगीताची दुसरीही एक शाखा आहे. तिला 'चेंबर म्युझिक' म्हणतात. चेंबर म्हणजे दालन. घरातल्या दिवाणखान्यात मावेल एवढ्या थोड्या वादकांनी, थोड्या श्रोत्यांसाठी वाजवावयाचे असे हे संगीत आहे. आपल्याकडील घरगुती बैठकीशी त्याचे नाते जवळचे आहे.

या शाखेतील सर्वांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे 'स्ट्रिंग क्वार्टेट', अर्थात चार तंतुवाद्यांचा मेळ. दोन व्हायोलिने, त्यांपेक्षा किंचित मोठा व खर्जाकडे झुकणारा व्हायोला आणि खुर्चीवर बसून दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून वाजवावयाचा चेलो, अशी ही चार वाद्ये असतात. आपल्या मैफलीत एक मुख्य कलावंत असतो आणि इतर त्याची साथसंगत करतात. येथे तसे नाही. चौघांचा दर्जा समान. कधी एकाकडे सूत्र येते, कधी दुसऱ्याकडे. चार समंजस माणसे एखाद्या विषयावर बोलत बसावीत, एकाने मुद्दा मांडावा, दुसऱ्याने तो पुढे न्यावा, तिसऱ्याने हरकत घ्यावी, असा हा संवाद असतो.

ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन (१७३२–१८०९) याने या प्रकाराला पक्के रूप दिले. बेथोव्हनने त्यासाठी सोळा रचना केल्या. विसाव्या शतकात हंगेरीच्या बेला बार्टोकने सहा आणि रशियाच्या दिमित्री शोस्ताकोविचने पंधरा रचना केल्या. स्वर लिहिलेले असले तरी लय किती ठेवावी, कोणता सूर पुढे यावा आणि कोणता मागे राहावा, हे सारे चौघांनी मिळून ठरवावयाचे असते. संचालक नसल्यामुळे इशारा असतो तो केवळ श्वासाचा, नजरेचा आणि गजाच्या हालचालीचा. त्यासाठी वर्षानुवर्षे रोज काही तास एकत्र बसून सराव करावा लागतो. असा गट टिकविणे हे एकत्र कुटुंब चालविण्याइतकेच अवघड आहे, असे जे म्हटले जाते ते उगीच नव्हे.

प्रसाराच्या दृष्टीने या गटाचे तीन गुण ध्यानात घेण्याजोगे आहेत. माणसे चारच असतात. विजेची वा ध्वनिक्षेपकाची गरज नसते. शिवाय चार खुर्च्या मावतील अशी कोणतीही खोली त्यांना पुरते. मोठा वाद्यवृंद गावात न्यावयाचा तर रंगमंच, वाहने, निवास अशी सारी जुळणी करावी लागते. हा गट मात्र शाळेच्या एका वर्गातही बसू शकतो.

चार भावंडांचा गट

जेसपला गेलेल्या गटाचे नाव यिंग क्वार्टेट. टिमथी, जॅनेट, फिलिप आणि डेव्हिड यिंग ही चिनी वंशाच्या अमेरिकन कुटुंबातील चार सख्खी भावंडे शिकागोच्या परिसरात वाढली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयात शिकत असताना १९८८ मध्ये त्यांनी हा गट स्थापन केला. टिमथीकडे पहिले व्हायोलिन, जॅनेटकडे दुसरे, फिलिपकडे व्हायोला आणि डेव्हिडकडे चेलो, अशी वाटणी होती. त्या विद्यालयात त्या काळी क्लीव्हलँड क्वार्टेट या नामांकित गटातील वादक अध्यापन करीत. त्यांच्या हाताखाली या भावंडांची तयारी झाली.

अशा तरुण गटापुढे साधारणपणे एकच वाट असते. स्पर्धांत उतरावे, पारितोषिक मिळवावे, महानगरांतील सभागृहांत संधी मिळेल याची वाट पाहावी आणि तोवर शिकवण्या करून पोट भरावे. या वाटेवर निघालेल्या गटांपैकी बरेच गट काही वर्षांतच विखुरतात. कलेत ते कमी पडतात असे नाही. चार जणांचा संसार एका मानधनावर चालत नाही, हे त्याचे कारण होय.

यिंग भावंडांपुढे मात्र एक वेगळी वाट उघडली. 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची कलाविषयक अनुदान देणारी संस्था १९६५ च्या कायद्यान्वये स्थापन झाली. तिने ग्रामीण भागासाठी एक योजना आखली. तरुण चेंबर गटांना लहान गावांत निवासी वादक म्हणून पाठवावयाचे, त्यांनी तेथेच राहून वादन व अध्यापन करावयाचे, असे तिचे स्वरूप होते. या योजनेखाली प्रथम निवडल्या गेलेल्या गटांत यिंग क्वार्टेटचा समावेश झाला आणि चौघे जेसपला दाखल झाले.

शेतीच्या संकटानंतर

त्या वेळचा आयोवा कसा होता, हे पाहिल्यावाचून या प्रयोगाचे मोल कळणार नाही. १९७० च्या दशकात धान्याचे भाव चढे होते, जमिनीच्या किमती वाढत होत्या आणि शेतकऱ्यांनी मोठी कर्जे काढून जमिनी व यंत्रे घेतली होती. १९८० च्या सुमारास व्याजाचे दर भडकले, निर्यात घटली आणि भाव कोसळले. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत आयोवातील शेतजमिनीची सरासरी किंमत साठ टक्क्यांहून अधिक घसरली. ज्या जमिनीवर कर्ज दिले होते, तिची किंमत कर्जापेक्षा कमी झाली. शेते लिलावात निघाली, ग्रामीण बँका बुडाल्या, तरुण पिढी शहरांकडे निघाली आणि अनेक गावांतील दुकाने व शाळा ओस पडू लागल्या. कर्जबाजारी शेतकरी आणि घर सोडून शहराची वाट धरणारा तरुण या दोघांचीही ओळख आपल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर १९९२ साली तेथे चार वादक आले. त्यांनी शेतमालाचा भाव वाढविला नाही किंवा कोणाचे कर्जही फेडले नाही. तसा दावा कोणी केला नाही आणि करूही नये. परंतु तरुण माणसे गावाबाहेर जाण्याच्या त्या काळात चार शिकलेली, कसबी तरुण माणसे गावात राहावयास आली, ही गोष्ट स्वतःच काही सांगत होती. गाव हे केवळ सोडून जाण्याचे ठिकाण नव्हे, उत्तम ते येथेही येऊ शकते, हा त्यातील अर्थ होता.

बँकेतील वादनाचा उल्लेख वर आला आहे. ज्या राज्यात दशकभर बँकेची पायरी चढताना शेतकऱ्याच्या छातीत धडधड होत असे, तेथे त्याच इमारतीत काही वेळ केवळ ऐकण्यासाठी बसावे, यातील वेगळेपण निराळे सांगावयास नको. नेहमीच्या वावराच्या जागी संगीत नेणे हे या प्रयोगाचे मुख्य सूत्र होते. सभागृह बांधावयाचे आणि मग लोकांना तेथे बोलवावयाचे, हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला.

सहा माणसांसमोर वाजविताना वादकालाही वेगळी शिस्त लागते. मोठ्या सभागृहात अंधार असतो, श्रोता दिसत नाही. दिवाणखान्यात मात्र तो तीन हातांवर बसलेला असतो. त्याला कंटाळा आला तर ते दिसते, आवडले तर तेही दिसते. वादन संपल्यावर तो सरळ प्रश्न विचारतो आणि वादकाला त्याच्या भाषेत उत्तर द्यावे लागते. ज्याने असे उत्तर देण्याचा सराव केला, त्याला पुढे जगातील कोणत्याही श्रोत्याची भीती वाटत नाही. आपल्या पुढील साऱ्या सांगीतिक जीवनाचा पाया जेसपमधील दिवसांत घातला गेला, असे या गटाने आवर्जून नमूद केले आहे.

चौघांना चौघेच लागतात

येथे एका आर्थिक मुद्द्याचा विचार करणे अगत्याचे आहे. अशा गटांना अनुदान का द्यावे लागते? त्यांनी तिकिटे विकून आपला खर्च का भागवू नये?

याचे उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले आहे. कारखान्यात नवे यंत्र आले की तोच कामगार पूर्वीपेक्षा अधिक माल काढतो. त्यामुळे त्याचे वेतन वाढले तरी दर नगाचा खर्च वाढतोच असे नाही. पण बेथोव्हनची चार वाद्यांसाठीची रचना वाजवावयास दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे लागत, आजही चारच लागतात. अर्ध्या तासाच्या रचनेला तेव्हा अर्धा तास लागे, आजही तितकाच लागतो. तीन वादकांत ती बसविता येत नाही, किंवा पंधरा मिनिटांत उरकता येत नाही. इतर व्यवसायांत वेतन वाढते, तसे वादकाचेही वाढावयास हवे, नाही तर तो व्यवसाय सोडील. म्हणजे खर्च वाढत जातो, पण काम मात्र तेवढेच राहते. ही तूट कोणी तरी भरून काढावी लागते. पूर्वी ती राजे आणि सरदार भरून काढीत. आता ती शासन, विद्यापीठे आणि दाते यांनी भरावयाची असते.

हा नियम केवळ संगीताला लागू नाही. वर्गात चाळीस मुलांना शिकविणारा शिक्षक, रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका, घरोघरी जाणारी आरोग्यसेविका यांचे कामही याच जातीचे आहे. त्यांचा वेग दुप्पट केला तर काम निम्मे होत नाही, ते बिघडते. म्हणून अशा सेवांवरील खर्चाला उधळपट्टी म्हणण्यापूर्वी त्यांचा हा स्वभाव लक्षात घ्यावयास हवा.

दौरे आणि विस्तार

जेसपमध्ये असतानाच, १९९३ साली, यिंग क्वार्टेटला चेंबर संगीतासाठीचा प्रतिष्ठित नाउमबर्ग पुरस्कार मिळाला. खेडेगावात राहिल्याने कलेचा दर्जा घसरतो, या समजाला याहून चांगले उत्तर नव्हते. त्यानंतर गटाला देशविदेशांतील मोठ्या सभागृहांतून निमंत्रणे येऊ लागली.

दौरा हा शब्द ऐकावयास गोड असला तरी प्रत्यक्षात तो कष्टाचा असतो. वाद्ये लाकडाची असतात आणि हवेतील ओलावा बदलला की त्यांचे सूर उतरतात. कडक थंडीत कोरड्या हवेने लाकूड तडकण्याचेही भय असते. चेलो हे वाद्य सामानाच्या डब्यात टाकता येत नाही, म्हणून विमानात त्याच्यासाठी वेगळे आसन घ्यावे लागते. म्हणजे चार वादकांना पाच तिकिटे. रोज नवे गाव, नवी खोली, तिच्यातील आवाजाचे निराळे गुणधर्म. त्यांचा अंदाज वादनापूर्वीच्या थोड्या वेळात घ्यावा लागतो.

दौऱ्यावर असताना या गटाने केवळ सभागृहांतच वादन केले नाही. शाळा, कामाची ठिकाणे, बालगुन्हेगारांच्या सुधारणेसाठी असलेली बंदिस्त गृहे आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेले व्हाइट हाउस, अशा परस्परांहून अगदी भिन्न जागी तो वाजविता झाला. न्यूयॉर्कमधील एका मालिकेत नट, नर्तक, जादूगार, इतकेच काय शेवया ओढणारा चिनी स्वयंपाकीही त्यांच्या कार्यक्रमात सहभागी झाला. अमेरिकन जीवनावर आधारित नव्या रचना करवून घेण्याचा 'लाइफम्युझिक' हा उपक्रमही त्यांनी चालविला. टर्टल आयलंड या दुसऱ्या गटासमवेत केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी २००६ साली झालेल्या समारंभात त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

ज्या ईस्टमन विद्यालयात ते शिकले, तेथेच पुढे त्यांची निवासी गट म्हणून नेमणूक झाली आणि त्यांच्या निर्वाहाचा प्रश्न सुटला. विद्यापीठाने वेतन द्यावे, वादकांनी विद्यार्थी घडवावेत आणि उरलेल्या काळात दौरे करावेत, या व्यवस्थेवर आज अनेक चेंबर गट उभे आहेत. २००९ मध्ये टिमथी यिंग गटातून बाहेर पडले आणि पहिल्या व्हायोलिनच्या जागी बाहेरचे वादक आले. २०१५ मध्ये रॉबिन स्कॉट यांनी ती जागा घेतली. भावंडांच्या आपुलकीतून जन्मलेला गट एक भावंड गेल्यावरही टिकला, याचा अर्थ तो आता केवळ घरचा राहिला नव्हता, संस्था झाला होता.

न जाण्याचा निर्णय

जेसपच्या प्रयोगाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याची मुदत दोन वर्षांची होती. मुदत संपली आणि वादक गेले. ते जाणारच होते, योजनेचे स्वरूपच तसे होते. ज्या मुलाने दुसऱ्या वर्षी व्हायोलिन हाती धरले, त्याचे तिसऱ्या वर्षी काय, हा प्रश्न अशा प्रत्येक योजनेपुढे उभा राहतो.

या प्रश्नाला दुसऱ्या एका गटाने वेगळे उत्तर दिले. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात ब्राऊन विद्यापीठातून नुकताच पदवीधर झालेल्या सेबास्टियन रूथ या तरुण वादकाने १९९७ मध्ये 'कम्युनिटी म्युझिकवर्क्स' ही संस्था सुरू केली. शिक्षण आणि कला यांचे नाते सांगणाऱ्या मॅक्सिन ग्रीन या तत्त्वचिंतक विदुषीच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. शहराच्या पश्चिम भागातील गरीब आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वस्तीत, रस्त्यालगतच्या दुकानवजा जागेत त्यांनी वर्ग उघडला. प्रॉव्हिडन्स स्ट्रिंग क्वार्टेट हा तरुण गट त्या वस्तीचा निवासी गट बनला. वादकांचा सराव रस्त्यावरून जाणाऱ्याला काचेतून दिसे. मुलांना शिकवणी विनामूल्य, वाद्यही संस्थेचेच. थोड्या मोठ्या मुलांचा एक गट एकत्र जेवून आपल्या वस्तीच्या प्रश्नांवरही चर्चा करी. प्रवेशासाठी मुलांची मोठी प्रतीक्षायादी लागू लागली.

येथे मुदत नव्हती. वादकांनी दौऱ्यांची मोठी कारकीर्द बाजूस ठेवून एका वस्तीत राहण्याचे पत्करले. २०१० मध्ये रूथ यांना पाच लक्ष डॉलर्सची मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली. ज्या वस्तीत भाड्याच्या लहान जागेत सुरुवात झाली, तेथेच या संस्थेने २०२४ साली स्वतःची नवी वास्तू उभी केली. चार जणांपासून निघालेले हे काम आता मोठ्या समूहाचे झाले आहे.

हाती लागलेले फळ उशिरा दिसते, हा या कामाचा धर्म आहे. सात वर्षांचे मूल हाती व्हायोलिन घेते तेव्हा त्यासाठी पाव किंवा अर्ध्या मापाचे लहान वाद्य लागते. ते वाढते तसे वाद्य बदलावे लागते. पाव, अर्धे, पाऊण आणि मग पूर्ण. पूर्ण मापाचे वाद्य हाती येईपर्यंत पाचसहा वर्षे निघून जातात. दोन आर्थिक वर्षांच्या योजनेत हे बसावे कसे?

मुंबई आणि गोवा

या विषयाचा आपल्या भूमीशीही खरा संबंध आहे. मुंबईत जन्मलेले मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही स्थापन केला. अमेरिकेत गेल्यावर ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवीत. नंतर लॉस एंजलिस येथे तरुणांचा वाद्यवृंद स्थापून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ तो चालविला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता हे जगप्रसिद्ध संगीत-संचालक आहेत.

गोव्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पोर्तुगीज काळात तेथील गावोगावच्या चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. शिकविणारा 'मेस्त्री' गावातच राहत असे. हेतू उपासनेचा होता, पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या वादक घडले. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात मुंबईच्या ध्वनिमुद्रण-दालनांतून जे व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक दिसत, त्यांत गोव्याच्या लहान गावांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. अलीकडे, २००९ मध्ये, व्यवसायाने डॉक्टर असलेल्या एका गोमंतकीय व्हायोलिनवादकाने वंचित मुलांना तंतुवाद्ये शिकविणारी 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था गोव्यात सुरू केली. म्हणजे जेसपला १९९२ साली जे नव्याने करून पाहावे लागले, ते गावात राहणाऱ्या संगीतशिक्षकाच्या रूपाने आपल्या शेजारी फार पूर्वीपासून नांदत होते.

एक जुना अहवाल

या संदर्भात या लेखकाला आपलाच एक अनुभव आठवतो. काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम होता. प्रसिद्धीची जबाबदारी माझ्याकडे होती. पाहुणे दीड तास उशिरा आले. मग हारतुरे, प्रास्ताविक, सत्कार आणि भाषणे झाली. संगीतासाठी वीस-पंचवीस मिनिटे उरली. कार्यक्रम संपल्यावर सहावी-सातवीतील एक मुलगी तानपुऱ्यापाशी येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "सर, मी एकदा तार छेडून पाहू का?" वाद्ये गवसणीत घालण्याची घाई चालली होती, गाड्या सुरू झाल्या होत्या. मी तिला म्हणालो, "आता वेळ नाही बाळ, पुढच्या वेळी." पुढची वेळ आली नाही. त्या रात्री मी अहवाल लिहिला : "कार्यक्रम यशस्वी. उपस्थिती चारशे."

अहवालातील आकडा खोटा नव्हता. पण ज्या एका मुलीसाठी तो कार्यक्रम खरोखर झाला असता, तिची नोंद करण्यास त्या नमुन्यात रकाना नव्हता, आणि मलाही तो असावा असे तेव्हा वाटले नाही. सहा श्रोत्यांसमोर वाजविणाऱ्या त्या चौघांविषयी वाचले, तेव्हा तो अहवाल मला प्रथम आठवला.

आपल्या गावासाठी

आपल्या गावांत व्हायोलिन आणावे, असा या लेखाचा आशय नाही. आपल्याकडे भजनी मंडळे आहेत, पखवाज आणि पेटी आहे, सनई आणि संबळ आहे, शाहिरी आणि कीर्तन आहे. बहुतेक गावांत सूर-तालाची जाण असलेला एखादा वृद्ध जाणकार अजून भेटतो. प्रश्न वाद्याचा नाही, पद्धतीचा आहे. ती पद्धत चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली, भेटीपेक्षा मुक्काम महत्त्वाचा. वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा एखाद्या कलावंताने आठ दिवस शाळेत राहावे, तोच खर्च अधिक फळ देईल. दुसरी, लहान समूहाला कमी लेखू नये. वीस मुलांसमोरचे वादन हा अर्धवट कार्यक्रम नव्हे, तो वेगळ्या जातीचा पूर्ण कार्यक्रम आहे. तिसरी, मुलांच्या हाती वाद्य द्यावे. केवळ ऐकलेले विसरले जाते, स्वतः काढलेला पहिला सूर, बेसूर असला तरी, लक्षात राहतो. चौथी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे बाहेरचा कलावंत परतल्यावर काम कोणी चालवावयाचे हे आधीच ठरवावे. गावातील शिक्षक, भजनी मंडळातील पखवाजवादक किंवा शिकण्याची हौस असलेली एखादी गृहिणी यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले, तर मुदत संपली तरी काम संपत नाही.

शिक्षकांना हे नवे वाटू नये. आठवड्यातील एक तास, शाळेची एक खोली आणि गावातील एक जाणकार एवढ्या भांडवलावर हे सुरू करता येते. पंचायत सदस्यांनी त्या जाणकाराचा मान राखावा, शक्य तर त्याच्या मानधनाचीही सोय करावी. अधिकाऱ्यांनी अहवाल मागविताना उपस्थितीच्या आकड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : या कार्यक्रमानंतर किती मुलांनी वाद्य हाती घेतले, आणि पुढील वर्षी त्यांपैकी किती मुले अजून शिकत आहेत?

जेसपमधील सहा श्रोत्यांपैकी कोणाला त्या संध्याकाळी काय मिळाले, याची नोंद कोठे नसेल. पण वाजविणाऱ्या चौघांनी ती संध्याकाळ आपल्या जीवनाचा पाया मानली. गावाला कला देण्यासाठी गेलेल्यांना गावानेच बरेच काही दिले, असा या प्रयोगाचा हिशेब आहे. आपल्याकडील पुढच्या अशा कार्यक्रमात गाडी सुरू करण्यापूर्वी कोणी तरी एखाद्या मुलीला तार छेडू दिली, तर त्या हिशेबात आपलीही एक लहानशी जमा होईल.